विळी आणि दिवाळी

नमस्कार श्रोतेहो.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आठवड्यातून दोनदा तरी माझ्या दवाखान्यात ऐकू येते. म्हातारी आई खुर्चीत बसलेली असते आणि मुलगा तिच्या डोक्यावरून मला सांगत असतो, ‘‘डॉक्टर, वयच झालंय आता तिचं.’’ मला ही म्हण मुळीच आवडत नाही. स्मृतिभ्रंश, ज्याला आपण डिमेन्शिया म्हणतो, तो आजार आहे. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांमागे सात-आठ जणांना तो आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. हा आकडा फार मोठा आहे. पण त्या शंभरांतल्या नव्वदांहून जास्त लोकांची बुद्धी शाबूत आहे, हेही ऐकून ठेवा.

हा आजार कशामुळे होतो, त्यातलं आपल्या हातात किती, ते सांगायला मी आले आहे. पण आधी माझ्या आत्याची गोष्ट.

आत्या वाईला राहायची, कृष्णेच्या घाटापासून चार पावलांवर. एका दिवाळीला आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच वहिनीनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, ‘‘आत्यांचं डोकं चालेनासं झालंय. विचारावं एक, सांगतात भलतंच. परवा मी विचारलं, आत्या, विळी कुठाय? तर म्हणाल्या, दिवाळीला अजून आठ दिवस आहेत.’’ पोरं हसली होती म्हणे. मग दोनदा कुकर लागला. तीन शिट्ट्यांना गॅस बंद करायचा, एवढंच काम तिच्याकडे होतं, आणि डाळ तळाला करपून कोळसा झाली. त्यानंतर घरानं तिच्या हातातून एकेक काम काढून घेतलं. दुधाचा हिशेब गेला, कपाटाच्या किल्ल्या गेल्या. भजनी मंडळ तर तिनं आपणहूनच सोडलं होतं. गावातल्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहून ‘वयोमानानुसार’ असं सांगितलं होतं. जी बाई पंगतीला किती तांदूळ लागतील ते नुसत्या नजरेनं सांगायची, ती ओसरीवर भिंतीकडे बघत बसलेली मला दिसली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मेंढीकोटाचा डाव पडला. चौथा गडी मिळेना म्हणून पोरांनी आत्याला बसवलं. ज्यांना हा खेळ ठाऊक आहे त्यांना कळेल, यात कुठलं पान गेलं आणि कुठलं राहिलं याची सगळी उजळणी डोक्यात ठेवावी लागते. शेवटचे तीन हात उरले होते. आत्यानं समोरच्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘किलवरची दश्शी तुझ्याकडे आहे. इस्पिकचा राजा मघाशी गेलाय, आता सोड ती.’’ आणि खरंच ती त्याच्याकडे होती! तीन डाव झाले, तिन्ही आत्यानं जिंकले.

मी उठून तिच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘‘आत्या, पाणी आणू का?’’ तिनं मान वळवली नाही. थोडं मोठ्यानं म्हटलं. तरी नाही. पुढे येऊन, तिला माझं तोंड दिसेल अशी बसून विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘‘आण की, कोमट आण.’’

श्रोतेहो, आत्याच्या स्मरणाला काही झालं नव्हतं. तिला ऐकू येत नव्हतं.

सातवा दिवस उजाडायच्या आत मी तिला कानाच्या तपासणीला नेलं. आधी मळ निघाला, मग आलेख काढला. आलेखाची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे डोंगर उतरावा तशी खाली गेली होती. उजवीकडे असतात ते बारीक, टोकदार आवाज. वयानं कान जातात तेव्हा आधी तेच जातात. स, श, ट, थ ही अक्षरं विरतात, जाड आवाज मात्र पोचतो. म्हणून अशी माणसं म्हणतात, ‘‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’’ हे वाक्य तुमच्या घरात कुणी म्हणालं, तर ते कानाचं लक्षण समजा. पुन्हा सांगते: ‘ऐकू येतं पण कळत नाही’, हे कानाचं लक्षण आहे.

कानाचं मशीन आणलं. पहिल्या दिवशी भांडी वाजली तशी आत्या दचकली. ‘‘एवढा गोंगाट करता तुम्ही?’’ म्हणाली आणि मशीन बांगड्यांच्या डब्यात गेलं. पुष्कळ घरांत ते तिथेच राहतं. आत्याचं तसं झालं नाही. दोन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. ती माडीवर कपडे वाळत घालत होती आणि ओसरीवरून आत्यानं हाक दिली होती, ‘‘अगं, तीन झाल्या, गॅस बंद कर!’’

मशीनमुळे आत्याचा स्मृतिभ्रंश टळला, असं मी म्हणणार नाही. एका माणसावरून तसं म्हणता येत नाही. पण जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली १४ कारणं मांडली. ही १४ कारणं आयुष्यभर सांभाळली, तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत सर्वांत वजनदार दोन: ऐकू कमी येणं आणि मध्यमवयातलं वाईट कोलेस्टेरॉल. कान त्या यादीत वर आहे, आणि आपण तपासतो सगळ्यांत शेवटी. अर्धवट शब्द जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते, आणि माणूस हळूहळू चारचौघांत जाणं सोडतो. एकटेपण हेही त्या १४ मधलंच एक कारण आहे.

बाकीची बहुतेक तुम्हाला माहीत आहेत. बीपी, शुगर, बिडी-सिगारेट, दारू, वाढलेलं वजन, बसून राहणं, मनाची उदासी, न काढलेला मोतीबिंदू, डोक्याला मार. दुचाकीवर हेल्मेट घालता ना? तेही इथे मोजलं जातं. बीपीचं एवढंच लक्षात ठेवा: चाळिशीपासून वरचा आकडा १३० च्या पुढे जाऊ देऊ नका. चाळिशीपासून. सत्तरीत जागं झालात तर उशीर झालेला असतो.

आणि एक मनातलं सांगते. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयात ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साडेचार वर्षं उशिरा गाठत होता. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यातही हे दिसलं. नातवंडांशी मोडक्या इंग्रजीत बोलणाऱ्या आजी-आजोबांना मी हात जोडून सांगते, तुम्ही मराठीत बोला. घरात दोन भाषा नांदू द्या.

दुसरं, गणपतीत आणि लग्नात त्या डीजेच्या भिंतीसमोर तान्ह्या पोरांना खांद्यावर घेऊन उभं राहू नका. आवाजानं एकदा गेलेला कान परत येत नाही.

कानाची तपासणी सोपी असते. बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही, अर्ध्या तासात मोकळे. अनेक जिल्हा रुग्णालयांत ती होते, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत होते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना चष्मा, काठी, कवळी मिळते तसं कानाचं मशीनही मिळतं.

आणि मशीन घरी आल्यावर पहिला महिना त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं. आत्याजवळ तिची नात बसायची. संध्याकाळी पाच वाजता टीव्ही बंद करायची, डब्यातून मशीन काढून आजीच्या कानाला लावायची, आणि दोघी तासभर झब्बू खेळायच्या. पहिल्या आठवड्यात एक तास, दुसऱ्यात दोन.

नमस्कार.