पाल ठोकायचं कुठं?

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढवारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. शाळा, मांडव, पुलाखालची कोरडी जागा, जिथं सापडेल तिथं वारकरी पाठ टेकतो. महापालिका पाण्याचे टँकर आणि फिरती शौचालयं लावते. त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पालख्या हडपसरकडे निघाल्या की त्याच पुलाखाली बारमाही राहणारे परत येतात. त्यांच्या गोधड्यांना मात्र तो शब्द लागतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २३१ सांगतं की रस्त्यावर बेकायदा मांडलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात. माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर अशी तीन-चार पालं आहेत. अतिक्रमण हटवणारी गाडी येतेय अशी नुसती कुणकुण लागली की तिथली एक बाई आधी चुलीवरचं पातेलं उतरवते, मग पोराला काखेत मारते, मग निळा कागद गुंडाळते. बिऱ्हाड रस्त्यापलीकडे! दिवेलागणीला तीन विटांची चूल पुन्हा जुन्याच जागी. ‘हटवलं’ म्हणजे काय, हे तिथं उभं राहून बघावं.

१९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या फुटपाथवासीयांबद्दल निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, जन्मानं पुणेकर. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्याच हक्कात येतो, असं न्यायालय म्हणालं. फुटपाथ अडवायचा हक्क मात्र कुणालाच नाही, हेही त्याच निकालात आहे. आणि त्यातच एक साधी गोष्ट होती, जी मला फार मोलाची वाटते: ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, झोपड्या हटवू नका.

अमेरिकेत ग्रँट्स पास नावाच्या गावात सार्वजनिक जागी मुक्कामासाठी अंथरूण टाकलं तरी तो ‘कॅम्प’ ठरायचा आणि दंड व्हायचा. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ते नियम उचलून धरले. खिशात दमडी नाही म्हणून जो उघड्यावर झोपलाय, त्यालाच दंड!

आपल्याकडे नियम कागदावर तरी बरा होता. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानुसार दर लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा हवा होता. २०११च्या जनगणनेत पुणे ३१ लाखांचं होतं, म्हणजे त्या हिशोबानं ३१ निवारे हवे होते. पण नुसती खोली बांधून भागत नाही. नवरा एका निवाऱ्यात, बायको-मुलं दुसऱ्यात, अशी सोय कोण पत्करेल? आणि निवारा लांब असला, सकाळी मजूर अड्ड्यावर उशीर झाला की त्या दिवसाचा रोज बुडाला.

डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीत डंपर फुटपाथवर चढला. झोपलेली तीन माणसं गेली, त्यांत दोन चिमुरडी. ती माणसं कामाच्या शोधात पुण्यात आली होती.

पालातल्या त्या बाईला मी एकदा निवाऱ्याचं विचारलं. विटा सारख्या करता करता ती म्हणाली, “दादा, हितनं अड्डा जवळ पडतो.”