रात्री साडेआठला स्वयंपाकघर बंद

श्रोतेहो, नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी दवाखान्यात एक गृहस्थ आले. आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला कापडाचं दुकान. उंची साडेपाच फूट, वजन ९४ किलो. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, ते सोळा तास उपाशी राहायचं सुरू केलंय. महिना झाला. काटा काय हलंना." मी विचारलं, त्या सोळा तासांत पोटात काय जातं? "काय न्हाई. नुसता चहा." किती? "गिऱ्हाईक येईल तसा." आम्ही दोघं बोटांवर मोजायला बसलो. सकाळी उठल्यापासून दुपारी डबा उघडेपर्यंत सात कप निघाले. दोन चमचे साखर, म्हशीचं दूध. असा छोटा कप साठ-सत्तर कॅलरीचा धरला, तरी साडेचारशेच्या आसपास जातात. म्हणजे दोन चांगल्या भाकऱ्या. त्या गृहस्थांचा उपवास झालाच नव्हता. ते रोज दोन भाकऱ्या पिऊन दुकानात बसत होते.

आज बोलायचं आहे ते याच उपवासाबद्दल. इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात त्याला. नाव परदेशी असलं तरी कल्पना आपल्याला नवी नाही. शिरोळ-हातकणंगले भागातल्या जैन घरांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, हे आपण लहानपणापासून बघतो. रमजानचे रोजे बघतो. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि पुढं डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवलेली दोन वेळा जेवणाची पद्धत तर बहुतेकांनी करून पाहिली आहे. दिवसातून दोनदाच खायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. इंटरमिटंट फास्टिंग तिचंच चुलत भावंड. यात जेवणं मोजत नाहीत, तास मोजतात. सोळा तास पोट रिकामं आणि आठ तासांत काय ते खाणं, हा सगळ्यात गाजलेला प्रकार. आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं जेवायचं आणि दोन दिवस अगदी थोडं, पाच-सहाशे कॅलरीच, हा दुसरा. दुसरा मी सहसा कुणाला सांगत नाही. ज्या गावात कुणाच्याही दारात गेलं की ताट पुढं येतं, तिथं असे दोन दिवस पाळणं कठीण.

आणि आपला सोमवार, शनिवार, संकष्टी? नवरात्रात तर आपल्या गावात अंबाबाईचे नऊ दिवस कितीतरी बायका उपवास धरतात. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही. वजनापुरतं सांगते. "एकादशी, दुप्पट खाशी" हे आपल्याच आज्यांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावाला. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. वर दुपारी रताळ्याचा कीस, रात्री वरईचा भात आणि दाण्याची आमटी. आयुर्वेदात याहून नेमका शब्द आहे, लंघन. पोटाला सुट्टी. मी सांगतेय ते लंघनाच्या जवळचं आहे, फराळाच्या नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. जेवलो की रक्तात साखर वाढते, तिच्यामागे इन्शुलिन वाढतं. इन्शुलिन हा कोठाराचा कारभारी. तो कामावर असताना माल आत भरला जातो, बाहेर फारसा निघत नाही. यकृतात साखरेचा छोटा साठा असतो, साधारण शंभर ग्रॅम. खाणं थांबलं की शरीर आधी तो वापरतं आणि तास सरतील तसं चरबीला जास्त हात घालतं. मधेच गोड चहा आला की कारभारी पुन्हा गादीवर. सात चहांचं गणित असं दोन्हीकडून बिघडतं.

पण इथं मी प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगणार, कारण मोबाईलवर याचे फार ढोल वाजतात. २०२० साली अमेरिकेत ११६ लोकांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला. एका गटाला सांगितलं, दुपारी बारा ते रात्री आठ यातच खा, हवं ते खा. दुसऱ्या गटानं रोजच्या तीन वेळा खाल्लं. आठ तासवाल्यांचं वजन सरासरी एक किलोसुद्धा उतरलं नाही आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२२ साली चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला. तिथं दोन्ही गटांना खाणं कमी करायला लावलं होतं, त्यातल्या एकाला शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढीच वेळ. वेळ पाळणाऱ्या गटाचं आठ किलो उतरलं, दुसऱ्याचं सव्वासहा. हा फरक संख्याशास्त्राच्या चाळणीत टिकला नाही. दोन्ही गटांना फायदा झाला, तो मुख्यतः कमी खाल्ल्याचा.

मग घड्याळ कशाला? माझ्या मते घड्याळ म्हणजे कुंपण. कुंपणानं पीक येत नाही, पण रात्री गुरं आत शिरत नाहीत. कॅलरी लिहून ठेवणं माझ्या दहा पेशंटांपैकी एकाला जमतं. "साडेआठनंतर काही नाही" हे मात्र सात-आठ जणांना समजतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जमतंही. उपवासानं पेशींची साफसफाई होते, त्यावर नोबेल मिळालंय, असाही एक निरोप फिरतो. पेशींच्या या साफसफाईवरच्या कामासाठी २०१६ सालचं नोबेल जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांना मिळालं हे खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं. सकाळची मिसळ चुकवली की त्यातून तुमच्या पेशी लख्ख होतात, असा अर्थ काढू नका.

तर सुरुवात कुठून? बहुतेक जण सकाळचा नाष्टा सोडून देतात, कारण ते सोपं वाटतं. मी उलट टोकाकडून धरते. कोल्हापूरचं दुखणं रात्रीचं आहे. दुकानं नऊला बंद होतात, जेवण साडेनऊ-दहाला. मग रंकाळ्याला फेरी. फेरी म्हणून निघायचं आणि भेळ किंवा कॉकटेल आईस्क्रीम खाऊन परतायचं. कुणी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास उभ्या उभ्या मारतो. पाव लिटर म्हशीच्या दुधात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि वर माणूस म्हणतो, दूधच तर घेतलं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त बारा तास. रात्रीचं शेवटचं खाणं साडेआठला संपलं पाहिजे, सकाळचं पहिलं साडेआठला. एवढंच. तो पहिला चहासुद्धा साडेआठलाच, नाष्ट्याबरोबर. मधे पाणी हवं तेवढं. कोरा बिनसाखरेचा चहा चालेल. लिंबूपाणी प्यायचं तर मधाशिवाय. हे अंगवळणी पडलं की रात्रीची वेळ साडेसातवर आणा, सकाळची साडेनऊवर न्या. चौदा तास झाले. माझ्या बहुतेक पेशंटना मी इथंच थांबवते. सोळाचा हट्ट कशाला?

पहिले चार-पाच दिवस रात्री दहाला भूक लागेल. लागू द्या. भूक सवयीच्या वेळेला दार वाजवते, अर्धा-पाऊण तास वाजवते आणि जाते. ती सतत वाढत जाते असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत तिचं वाजवणं कमी होतं.

बायकांसाठी वेगळं सांगते. आपल्याकडं घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते, साडेदहाला, आणि पातेल्यात उरलेलं "वाया जायला नको" म्हणून तीच संपवते. सासूबाई असतील तर आधी मोठ्यांनी जेवायचं, मालक दुकानातून यायचे, मुलांचं क्लासवरून येणं. मी एका सुनेला म्हटलं, तुम्ही साडेसातला सासूबाईंबरोबर बसा. म्हातारं माणूस लवकरच जेवतं. ती म्हणाली, "ह्यांना कोण वाढणार?" तिच्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्याला हात हाईत की." हे औषध मला लिहून देता आलं नसतं.

उपवास सोडताना काय खायचं? उपाशीपोटी कटाची मिसळ नको, नुसती जळजळ होईल. ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दोन अंडी, झुणका, वाटीभर ताक. प्रथिनं नीट घ्या, म्हणजे वजनाबरोबर स्नायू उतरणार नाहीत. आणि थोडं चालणं, शक्य असेल तर वजन उचलायचा व्यायाम. तालमींच्या गावात बैठका मी शिकवायला नकोत.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली गेला तर पेढे वाटू नका. यकृतातल्या आणि स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याबरोबर पाणी साठलेलं असतं, ते आधी निघून जातं. खरी चरबी सावकाश हलते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्याला दोन किलो उतरले तर उत्तम. काट्यापेक्षा टेप वापरा. आपल्याकडं पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी असं मानतात.

आता पेन असेल तर घ्या, हे महत्त्वाचं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी स्वतःच्या मनानं हे सुरू करायचं नाही. गोळी पोटात आणि जेवण नाही, की साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. असं झालं तर उपवास तिथंच मोडायचा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि डॉक्टरांना गाठायचं. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांत वेगळा धोका आहे, तिथंही आधी विचारायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, आधीच वजन कमी असलेले, खाण्याशी भांडण असलेले, म्हणजे उपाशी राहून मग ताव मारणारे किंवा मुद्दाम उलटी काढणारे, यांच्यासाठी हे नाही. मूत्रपिंडाचा आजार, गाऊट, पित्ताशयातले खडे असतील तरी विचारल्याशिवाय नको.

शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीपाशी काम करणारे बरेच जण मला विचारतात. घाम गाळायच्या पाळीत पाण्यावाचून राहू नका, आणि रात्रपाळी असेल तर घड्याळ तुमच्या झोपेवरून लावा, माझ्या साडेआठवरून नाही. बीपीची, लघवी जास्त करणारी गोळी चालू असेल तर चक्कर येऊ शकते. तेही आधी बोला.

ते महाद्वार रोडचे गृहस्थ गेल्या आठवड्यात पुन्हा आले. डबा आता साडेसातला दुकानातच येतो. ताग्यांच्या मागं बसून पंधरा मिनिटांत जेवतात. घरी गेल्यावर मुलांच्या ताटाशेजारी नुसते गप्पा मारत बसतात. चहा सातावरून दोनवर आलाय, दोन्ही जेवणाच्या वेळेत. कंबर पाच सेंटिमीटर कमी. वजन ९१. खूश होते, पण उठता उठता थांबले. "रविवारचं काय करायचं? मटण रात्रीच असतंय आमच्यात." मी म्हटलं, रविवारी दुपारी करा, तांबडा-पांढरा दोन्ही घ्या, फक्त रस्सा वाट्यांवर वाट्या नको.

त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "दुपारचा रस्सा रातच्यागत लागत न्हाई, मॅडम."

यावर माझ्याकडं औषध नाही. नमस्कार.