मामाची पद्मिनी आणि मखराचा थर्माकोल

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर. उन्हाने तडकलेला, वरचं कव्हर फाटलेलं, आतला पिवळा फोम भुगा होऊन पँटवर सांडतो ना, तोच. नवा मिळत नाही, भंगारात मिळाला तर तोही तडकलेलाच. त्याला फायबरग्लासने नवा आकार देऊन वर रेक्झिन चढवता येतं, घरच्या घरी, ते सांगणार आहे. पण आधी मामाची गोष्ट, कारण ती ऐकलीत की निम्मं काम कळलंच.

मामाकडे पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियरची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली तेव्हा सगळ्यांनी हळहळून स्टेटस ठेवले, आणि हेच लोक त्याआधी दहा वर्षं ती सोडून एसीवाली शोधत होते, पण ते जाऊ दे. मामाला नुसती दुरुस्ती नको होती. मीटरवर ऊन पडतं म्हणून वर छज्जा पाहिजे, आणि मधोमध गणपती बसेल एवढी सपाट जागा.

आता छज्जाला साचा कशाचा करायचा? मामा म्हणाला, "माळ्यावर मखराचा थर्माकोल पडलाय, २०१८ ला बंदी आल्यापासून तसाच आहे, घे की." मी घेतला. दोन रात्री जागून कटरने कोरला, पॉलिश पेपरने घासला, डॅश गाडीतून काढून अंगणात टेबलावर ठेवला होता त्यावर चिकटवला. इतका सुरेख झाला होता की मामाने शेजारच्यांना बोलावून दाखवला.

रविवारी सकाळी रेझिन, म्हणजे फायबरग्लासला घट्ट करणारा चिकट द्रव, कालवलं, ब्रशने पहिला हात मारला आणि चुर्र असा आवाज. थर्माकोल बसायला लागला. खारी चहात बुडवून विसरलात तर कशी होते, तसा. मला वाटलं रेझिन कमी पडलं, म्हणून मी अजून ओतलं! मामा चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "अरे, छज्जा कुठे गेला?" आतून मामी ओरडली, "गॅस लीक होतोय का बघा!" आणि या गोंधळात मगमधलं उरलेलं रेझिन तापून धूर सोडायला लागलं, प्लास्टिकचा मग वाकडा झाला, शेजारचे काका वाळूची बादली घेऊन धावत आले. कुंड्यांसाठी आणलेली वाळू, पण कामी आली.

झालं काय होतं, पॉलिएस्टर रेझिन असतं स्टायरिनमध्ये पातळ केलेलं, आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. भाऊबंदच ते, स्टायरिन लागलं की थर्माकोल विरघळणारच. म्हणून पुन्हा सांगतो, थर्माकोलवर हे रेझिन लावायचं नाही. थर्माकोलवर नाही. पीयू फोम घ्या, पफ म्हणतात तो. तो कोरता पण येतो आणि टिकतो.

मला खुणावतायत, वेळ संपत आलाय, तर पटापट ऐका. डॅश साबणाने घासून कोरडा करा. त्यावर चकचकीत सिलिकॉन पॉलिश मारलेलं असेल तर काहीच धरत नाही, आणि तसंही ती चकाकी काचेत दिसून डोळ्यावर येते, कशाला मारतात देव जाणे. तडे घासून मोकळे करा, फोमने आकार द्या, त्यावर मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटईचे, रेझिनमध्ये भिजवलेले दोन थर. ब्रश ओढायचा नाही, टोकाने टोचत हवा काढायची. सुकलं की लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, घासा, लांबी भरा, घासा, हात फिरवला की खळगा लागता कामा नये, कारण रेक्झिनखाली सगळं दिसतं. मग चिकटवायचा सोल्युशन दोन्ही बाजूंना, जरा सुकू द्या, आणि हीट गनने रेक्झिन ओढून मधून कडेकडे बसवत जा.

रेझिन थोडं थोडंच कालवा, नाहीतर त्या मगातल्यासारखं तापतं. किलोला हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारं रसायन, दहा ते वीस ग्रॅम, मे महिन्यात दहाच्या जवळ. कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर सुकवणारं औषध, वेगळं मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतायचं नाही, पेट घेतं. थेट नाही, लक्षात ठेवा. आणि डॅशमध्ये एअरबॅग असेल तर हा उद्योग करूच नका, ती ज्या जागी फाटून बाहेर येते तिथेच तुम्ही फायबरचं झाकण ठोकलेलं असतं.

घासताना काचेची बारीक धूळ उडते आणि खाज सुटते, म्हणून मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि तो शर्ट वेगळा धुवा. मामीने माझा शर्ट मामाच्या बनियनांबरोबर मशीनला लावला होता. छज्जा मस्त झाला, गणपतीही बसला, पण मामा आठ दिवस खाजवत होता आणि अजून त्याला वाटतं की ते रेक्झिनमुळे झालं.