मासा जमला, पाणी जमंना

(परभणीत ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरापोरींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

मघाशी ओळख करून देताना सर म्हणाले की हे पाण्याखालचे सीन करतात, तर आधीच सांगून टाकतो, मी समुद्र पहिल्यांदा बघितला तो तेविसाव्या वर्षी, आणि तोही वरूनच. माझं पाण्याखालचं शिक्षण झालं मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. तुमच्यातल्या कितीजणांनी विहिरीत बुडी मारून, डोळे उघडे ठेवून वर बघितलंय? हात करा वर. आठ-दहा. बाकीच्यांनी लहानपण फुकट घालवलं बघा.

मे महिन्यात भर दुपारी ऊन सरळ विहिरीत उतरतं, पाणी हलत नसतं, तेव्हा खाली जाऊन उताणं व्हायचं. डोक्यावर एक गोल उजेडाची थाळी दिसते आणि वरचं सगळं, आभाळ, काठावरची बाभळ, वाकून शिव्या देणारा मामा, सगळं त्या थाळीत कोंबून बसवल्यासारखं. थाळीच्या बाहेर मात्र पाण्याची पाठ आरशासारखी, त्यात खालचीच विहीर उलटी. हे का होतं तर पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाण्यातून जाता-येता उजेड किती वाकतो त्याचं माप, १.३३, म्हणून सरळ वरच्या रेषेपासून साधारण ४८-४९ अंशांपेक्षा जास्त तिरकं बघितलं की नजर बाहेर पडतच नाही, परत खाली फिरते. वरचं अख्खं जग साधारण ९७ अंशांच्या शंकूत मावतं. पोरं काय करायलेत, पाण्याखालून कॅमेरा वर करतात आणि वर पसरट निळं आभाळ लावून देतात, मग तो सीन काचेचं छत असलेल्या खोलीसारखा दिसतो आणि का दिसतो ते कळत नाही.

आता माझी फजिती. काही वर्षांमागं एक काम आलं, धरणातल्या माशांवरचा छोटा माहितीपट, त्यात मरळ दाखवायची होती, पिलांसकट. मी पुण्यात खोलीवर, ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडलं (फुकट आहे, २००२ पासून ओपन सोर्स आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका) आणि महिनाभर नुसते खवले केले. लई भारी खवले. दिवाळीला गावाकडं येताना लॅपटॉप घेऊन पैठणला उतरलो, तिथं ओळखीचे एक काका नाथसागरात जाळं टाकतात, त्यांना दाखवलं. दोनदा बघितलं त्यांनी. मग म्हणले, "मासा झाक केलास बाळा, पण ह्याला दोरीनं लटकवलाय का? आन् पाणी कुठलं म्हणायचं हे?" मी गप. मग म्हणले, "इतक्या वेळात एकदा बी वर आली न्हाई. मेली असती की मरळ."

हे मला माहितीच नव्हतं. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, तिला वर येऊन तोंडानं हवा घ्यावीच लागते, अडवून धरली तर पाण्यात असून गुदमरते. म्हणजे माझ्या सीनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्टच नव्हती, आणि मी खवले मोजत बसलो होतो.

पाण्याचं काय चुकलं होतं? निळं होतं. ट्युटोरियलमधलं पाणी होतं ते. स्वच्छ पाण्यात लाल रंग आधी मरतो, दहा मीटर खाली गेलं की जवळजवळ संपतो, निळा लांब जातो, म्हणून समुद्र निळा. आपल्या धरणात शेवाळ असतं, कुजलेला पाला असतो, ते निळासुद्धा खाऊन टाकतात, उरतो हिरवट-पिवळा. पावसाळ्यात गाळ आला की सरळ चहा. पाण्याला रंग द्यायचा नसतो, पाणी कुठला रंग किती अंतरावर खातं ते ठरवायचं असतं. कॅमेऱ्यापासून दोन हातांवरचा मासा आणि दहा हातांवरचा मासा सारखाच रंगीत, सारखाच ठळक दिसला की मधे पाणी नाही, हवा आहे.

आणि दोरी. माशाच्या अंगातून लाट जाते, डोक्याकडून शेपटाकडं, आणि जाता जाता वाढत जाते, डोकं जेमतेम हलतं. मी कण्याला बारा बोन, म्हणजे मासा वळवायला सॉफ्टवेअरमधली हाडं, दिल्या होत्या आणि सगळ्या एकदमच डावीकडं, एकदमच उजवीकडं, म्हणजे मासा नाही, बिजागरीवरचं दार. काकांकडून आल्यावर काय केलं, पुढच्या बोनची हालचाल मागच्या बोनला दोन फ्रेम (फ्रेम म्हणजे एक चित्र, सेकंदाला २४) उशिरा दिली. एक हेलकावा २४ फ्रेमचा धरला तर बारा बोनमधे बरोबर एक लाट अंगभर बसते. बस, एवढ्यानं जीव आला. शिवाय मरळ सारखी पोहत नाही, दबा धरून बसते, छातीजवळचे पर तेवढे हळूहळू वल्हवते, मग एकदम झेप, मग नुसतं घसरत जाणं. घसरताना शेपूट बंद. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट जड असतं, ब्रेक तेच लावतं. शेपूट जोरात आणि मासा जागेवरच असं झालं की जिममधल्या पट्ट्यावर पळणाऱ्या माणसासारखं दिसतं. आणि हो, डॉल्फिन, देवमासा हे सस्तन, त्यांचं शेपूट वर-खाली हलतं. एका जाहिरातीत मी देवमाशाचं शेपूट आडवं हलताना बघितलं, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पिलांचा भाग मला सगळ्यात आवडतो. मरळीची पिलं लालसर-नारिंगी असतात, वरच्या पाण्यात घोळका करून फिरतात आणि आई खालून राखण करते. म्हणजे रंग वरच टिकतो, आई नुसती काळपट सावली, आणि हे निसर्गानंच आयतं लायटिंग करून ठेवलंय. घोळक्यासाठी क्रेग रेनॉल्ड्स या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्याचे १९८७ चे तीन नियम, ब्लेंडरमधे बॉइड्स नावानं आहेत: शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी जिकडं चाललेत तिकडं तोंड करा, घोळक्यातून लांब जाऊ नका. लग्नाच्या वरातीचे पण हेच नियम आहेत म्हणा. मी एक वाढवला, आई जिथं असेल तिच्या वर राहा.

उन्हाची जाळी, ती हलती नक्षी, खरी काढायला गेलं तर मशीन रडतं. लाटांचा एक पॅटर्न दिव्यापुढं लावायचा, काम होतं. फक्त ती जाळी तळावरच टाकून मोकळं होऊ नका, माशाच्या पाठीवरून पण सरकली पाहिजे, आणि पोटावर नाही. पाण्यात तरंगणारा कचरा टाका, बारीक, थोडा कॅमेऱ्याजवळ धूसर, आणि शेपूट जवळून गेलं की तो ढवळला पाहिजे. काका बघतात ते हे बघतात.

रेंडरचं, म्हणजे मशीनकडून सीनची शेवटची चित्रं काढून घ्यायचं सांगतो, कारण इथं लाईट जाते. दहा सेकंद म्हणजे २४० फ्रेम, एका फ्रेमला चार मिनिटं म्हणले तरी १६ तास. सरळ व्हिडिओ काढायला लावलं आणि पंधराव्या तासाला लाईट गेली तर बसा डोक्याला हात लावून, माझं झालंय. प्रत्येक फ्रेमचा वेगळा फोटो काढायचा, मग लाईट आली की जिथं थांबलं तिथून पुढं.

दाखवतो आता, मागची लाईट बंद करा जरा कुणीतरी. हा दुसऱ्यांदा केलेला सीन. पिलं दिसायलीत का, वर, नारिंगी? आता खाली डावीकडं बघा, ती सावली. थांबली... पर हलायलेत बघा... आली आली, वर आली, तोंड बाहेर, घेतली हवा. हां, आणि हे सुटलेले बुडबुडे. काकांनी हे तीनदा मागं घेऊन बघितलं होतं, मग म्हणले, "पाणी अजून थोडं गढूळ कर."