मिसेस विल्यम्सच्या नाती

(तबकडी फिरते आहे. सुई टेकते.)

1979 च्या जानेवारीत निघालेली ही लाँग प्ले. अल्बमचं नाव 'वी आर फॅमिली'. गाणाऱ्या चौघी सख्ख्या बहिणी: डेबी, जोनी, किम आणि कॅथी. आडनाव स्लेज, म्हणून गट 'सिस्टर स्लेज'.

आत्ता जी ऐकू येतेय ती अल्बमच्या निर्मात्याची, नाइल रॉजर्सची गिटार. या अल्बमची गोष्ट बहुतेक जण तिथूनच सांगायला घेतात. आम्ही गळ्यापासून सुरू करतो.

(फिलाडेल्फिया. चर्चची पायरी, आतली बाकं.)

गळा तयार झाला तो या शहरात. बहिणींची आजी, व्हायोला विल्यम्स, ऑपेराची गायिका. नातींना गाणं तिनं शिकवलं. चर्चमध्ये, गावातल्या समारंभांत या मुली गायला उभ्या राहायच्या, तेव्हा त्यांची ओळख करून दिली जायची ती 'मिसेस विल्यम्सच्या नाती' अशीच. वडील टॅप डान्सर. म्हणजे सूर आजीकडून आणि ठेका बापाकडून, दोन्ही घरचंच.

1971 मध्ये गटाला नाव मिळालं. 1974 साली आफ्रिकेत, झाईरची राजधानी किन्शासात, अली-फोरमन मुष्टियुद्धाच्या निमित्ताने झालेल्या संगीत महोत्सवात त्या गायल्या. पुढच्या वर्षी पहिला अल्बम आला. पण अमेरिकेत मोठं यश काही हाती लागत नव्हतं.

(न्यू यॉर्क, पश्चिम 53वा रस्ता. विटांची इमारत. आत लाकडी भिंती.)

हा 'पॉवर स्टेशन' स्टुडिओ. इथे पूर्वी खरोखरच वीज कंपनीचं काम चालायचं. ही लाकडी खोली नीट बघा. 1978 मध्ये 'शिक' या गटाचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स इथे या अल्बमवर काम करत होते. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्यापुढे बडी बडी नावं ठेवली होती, रोलिंग स्टोन्ससुद्धा. त्यांना मात्र फारसं नाव न झालेला गट हवा होता. कंपनीच्या प्रमुखांनी या बहिणींचं वर्णन केलं: एकमेकींना धरून राहणाऱ्या, घरच्यासारख्या. रॉजर्सनी ते टिपून घेतलं आणि त्याच टिपणातून शीर्षकगीत उभं राहिलं.

गाणी अशी आयती हातात आली, तरी बहिणी मुकाट गायल्या असं नाही. 'ही इज द ग्रेटेस्ट डान्सर'मध्ये मुलगी त्या पुरुषाला 'मला घरी ने' म्हणते. चर्चमध्ये वाढलेल्या या मुलींना ते खटकलं. ओळ बदला, म्हणाल्या. ओळ बदलली नाही.

(मिक्सरवर सरकणारी बटणं. मायक्रोफोन, जवळून.)

बर्नार्ड एडवर्ड्सचा बेस, टोनी थॉम्पसनचे ड्रम, वर व्हायोलिन्स. एवढ्या दाट वादनावर आवाज सहज बुडाला असता. शीर्षकगीताचा मुख्य आवाज कॅथीचा, सगळ्यात धाकटीचा. वय 19. ती सांगते, तो आवाज एकाच टेकमध्ये झाला. गाणं आठ मिनिटांहून मोठं आहे. शेवटाकडे शब्द जवळपास संपतात आणि ती नुसत्या सुरावर खेळत राहते. ती जागा हेडफोन लावून ऐका. रियाज तिथे कळतो, आणि तो स्टुडिओतला नाही.

(बेसबॉलचं मैदान. उसळलेली गर्दी.)

अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रियतेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचला. जुलैमध्ये शिकागोच्या मैदानात डिस्कोच्या, म्हणजे याच अल्बमच्या शैलीतल्या, रेकॉर्ड्स निषेध म्हणून स्फोटाने उडवल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉल संघ याच शीर्षकगीतावर नाचत वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकला.

(चौघींचा एकत्र फोटो.)

जोनी मार्च 2017 मध्ये गेली. पुढच्या वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसने शीर्षकगीत राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहासाठी निवडलं.

(सुई उचलली जाते. हात तबकडी उलटतो.)

शीर्षकगीत पहिल्या बाजूला नाहीच. ते इथे आहे, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला. आता निवेदन थांबवतो.

(सुई टेकते.)