एक प्रत संगणकात, एक कपाटात

नाशिकमध्ये अशोक स्तंभाजवळच्या या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करून देणाऱ्या, दुकानाचे शटर लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत खाली येत नाही. पडद्यावर एका लग्नपत्रिकेची जुळणी सुरू आहे. वर गणपती, त्याखाली कुलदैवताचे नाव, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. संगणकाच्या मागे बोटाच्या पेराएवढा डोंगल लावलेला दिसतो, तो काढला की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम उघडतच नाही. मागच्या लोखंडी कपाटात, बिलांच्या फाइलीला टेकून ठेवलेली आणि मार्करने तारीख घातलेली ही सीडी म्हणजे त्याच प्रोग्रॅमची दुसरी प्रत आहे.

ही दुसरी प्रत चोरीची नाही. ती ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे, आणि ती किती, हे संगणकावर पोट असणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

आपला प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ सालचा. संगणक प्रोग्रॅम त्यात १९८४ च्या दुरुस्तीने आला आणि तोही वाङ्मयीन कृती म्हणून. म्हणजे कविता, कादंबरी आणि हा जुळणीचा प्रोग्रॅम कायद्याने एकाच पंगतीला बसवले. मात्र पान वेगळे वाढले. पुस्तकातला उतारा खासगी अभ्यासासाठी किंवा समीक्षेसाठी घेता येतो, त्याला कलम ५२ मध्ये 'फेअर डीलिंग', म्हणजे उचित व्यवहार, असे म्हटले आहे. परंतु त्याच ओळीत संगणक प्रोग्रॅम स्पष्ट शब्दांत वगळला आहे. 'फेअर यूज' हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो, पण तो अमेरिकेच्या कायद्यातला असून तिथली न्यायालये चार निकष लावून त्याचा निर्णय करतात. नाशिकच्या दुकानदाराने त्याच्या भरवशावर राहू नये.

त्याच्या हाती आहे ते वेगळे आणि नेमके आहे. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याला ती ज्या कामासाठी मिळाली त्या कामापुरती प्रत काढता येते. मूळ प्रत हरवली, बिघडली किंवा नष्ट झाली तर काम अडू नये म्हणून तात्पुरती राखीव प्रतही ठेवता येते. १९९९ च्या दुरुस्तीने यात भर पडली. अंबडच्या या कारखान्यात यंत्राच्या प्रोग्रॅमशी जुळेल असा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्याला, जुळणीसाठी अत्यावश्यक असलेली माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल, तर ती मूळ प्रोग्रॅममधून काढून घेण्याची मोकळीक मिळाली. कॉलेज रोडवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेल्या या विद्यार्थिनीला तिने स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी आणखी प्रत काढता येते.

हीच सीडी मेहुण्याच्या दुकानातल्या संगणकावर चढवली, की मुभा संपली. बेकायदा प्रत जाणूनबुजून धंद्यात वापरल्यास कलम ६३-ब प्रमाणे किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो.

पत्रिकेची पहिली छापील प्रत यंत्रातून बाहेर येत आहे. दुकानदार कपाट उघडून सीडी परत जागेवर ठेवतात आणि तिच्या पाकिटात प्रोग्रॅमच्या खरेदीचे बिल घडी करून सरकवतात, कारण प्रत कायदेशीर आहे का असे कोणी विचारले, तर आधी दाखवायचे ते हेच बिल.