गावातलं वीज ऑफिस बंद होणार म्हणतात, तेव्हा काय विचारायचं?

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरचं वीजबिल अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येतं, त्यांनी आजचा व्हिडिओ पूर्ण बघा.

मागच्या पावसाळ्यात मी आत्याबरोबर वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो. आतोबा वारले, मीटर त्यांच्या नावावर. नाव बदलायला मी मोबाइलवर अर्ज भरायला घेतला, तर ओटीपी गेला आतोबांच्या नंबरवर. ते सिम कधीच बंद झालेलं. तासभर खटपट केली. शेवटी आत्याच म्हणाली, "चल रे, ऑफिसातच जाऊ."

तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, आधार, ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि जुनं बिल घेतलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद उलटून पाहिला. "मावशी, वारस किती?" "दोन पोरं." "मग दोघांची संमती लागेल. हा नमुना घ्या, असं लिहून आणा." आणि सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या. दुसऱ्या खेपेला अर्जाच्या झेरॉक्सवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख मिळाली. आत्यानं तो कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

आज मला बोलायचंय ते त्या शिक्क्याबद्दल, आणि तो देणारं ऑफिसच बंद व्हायला निघालं तर काय, याबद्दल.

सेवा देणारी कुठलीही कंपनी गावाकडचं ऑफिस बंद करायला निघते, तेव्हा पहिला आकडा पुढे येतो तो भरण्याचा: खिडकीवर किती जण पैसे भरायला येतात? तो आकडा घसरलेला असतो, हे मान्य करूया. आपल्याकडे तर 1 ऑगस्ट 2023 पासून महावितरणच्या लघुदाब, म्हणजे घर-दुकानासारख्या साध्या जोडणीच्या ग्राहकाला महिन्याला 5,000 रुपयांपर्यंतच बिल रोखीनं भरता येतं, शेतीच्या जोडणीला ही मर्यादा 10,000. वर ऑनलाइन भरलं की पाव टक्का सवलत. मग रांग आटणारच.

पण पैसे भरायला ऑफिस लागतच नाही हो! ते लागतं काहीतरी अडलं की. रीडिंग चुकलं, घर बंद होतं म्हणून सरासरी बिल आलं, मीटर जळालं, वाटणीनंतर दोन चुली झाल्या नि दुसरं कनेक्शन हवं. अशा वेळी अ‍ॅपमध्ये आपला प्रश्न बसेल असा रकानाच सापडत नाही. म्हणून ऑफिसची गरज मोजायची तर भरण्याची पावतीपुस्तकं बाजूला ठेवा आणि आवक नोंदवही उघडा. वर्षभरात किती अर्ज आले, कशाबद्दल आले, किती लांबून आले, ते त्यात लिहिलेलं असतं.

आता बंद करायला परवानगी कोणाची? कॅलिफोर्नियात पीजी अँड ई नावाची मोठी वीज आणि गॅस कंपनी आहे. कोविडमध्ये, 2020 साली, तिनं आपली ग्राहक कार्यालयं बंद केली. ती कायमची बंद ठेवायची म्हटल्यावर तिला अशा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या आयोगापुढे जावं लागलं. आयोगापुढे गेलं की कारणं लेखी द्यावी लागतात आणि ग्राहकांच्या संघटनांना उलट प्रश्न विचारता येतात.

आपल्याकडे बँकेच्या बाबतीत असंच काहीसं आहे. गावात एकच बँक शाखा असेल, तर ती बंद करण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे जिल्हा सल्लागार समितीपुढे विषय जातो. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. विजेचं मात्र तसं नाही. विद्युत कायदा 2003 मध्ये कलम 43 जोडणी द्यायचं बंधन घालतं, कलम 56 प्रमाणे वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते, कलम 42 मध्ये तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत. पण स्थानिक ऑफिस हलवताना किंवा बंद करताना गावाला विचारा, असं स्वतंत्र कलम त्यात नाही. मला ही मोठी उणीव वाटते. बँकेच्या शाखेला जो नियम आहे, तोच विजेच्या ऑफिसला का नसावा?

तोपर्यंत काय करता येईल? एक जागा आहे, आणि तिकडे आपण फार कमी जातो. वीजदर वाढवायचे असले की कंपनीला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे याचिका करावी लागते. पेपरात जाहीर नोटीस येते, हरकती मागवतात, जनसुनावणी होते. ऑफिसचं भाडं, पगार, कागद, हा सगळा खर्च त्या याचिकेत धरलेला असतो आणि आपल्या बिलातून वसूल होतो. म्हणजे त्या खिडकीचे पैसे आपणच भरतो. मग हरकतीत सरळ विचारा: ऑफिस बंद केलंत, तर वाचलेला खर्च दरात कुठे कमी दिसतोय? आणि आमच्या गावापासून पुढचं ऑफिस किती किलोमीटरवर, तिथे जायला एसटी किती वाजता, परतीची किती वाजता?

एसटीचं मी मुद्दाम म्हणतोय. सकाळच्या गाडीनं गेलेली बाई "साहेब साइटवर गेलेत" ऐकून परत फिरली, की तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

अजून एक. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांना अर्ज, बिल भरणा अशा सेवा घरपोच द्याव्यात असं म्हटलंय. ऑफिस बंद होणार असेल तर घरी कोण येणार, कोणत्या वारी येणार, हे बंद करण्याआधी लेखी मागा. ग्रामसभेत ठराव करून मागितलंत तर उत्तम. आणि तो ठराव ऑफिसात द्यायला जाल तेव्हा एक झेरॉक्स जास्तीची न्या, तिच्यावर शिक्का घ्या, आवक क्रमांक नीट वाचता येतो का ते खिडकीवरच तपासा.

आत्याच्या नावाचं पहिलं बिल दिवाळीच्या आधी आलं. तिनं ते वाचलं, आतोबांच्या फोटोमागे खोचलं, आणि मला म्हणाली, "ती पोच अजून ठेवलीय बरं का मी."